रात्रभर गाणारी माणसं: तुमच्या गावची आठवण लिहा

बाबा मागच्या पावसाळ्यात गेले, रोवणी, म्हणजे धानाची लावणी, संपायच्या आठवड्यात. दिवाळीच्या साफसफाईत त्यांची ट्रंक उघडली. आत घुंगरांची जोडी होती, पांढऱ्या सफेद्याची वाळून दगड झालेली डबी होती आणि अकरा छोट्या डायऱ्या होत्या. डायरीत मनातलं काही नाही. तारीख, गाव, बयाना किती, बाकी किती, एवढंच. अधूनमधून दोन शब्द: ‘घसा बसला’, ‘थंडी फार’, ‘पब्लिक चांगली’. एका पानावर फक्त ‘पोरगी झाली’ असं आहे आणि खाली त्याच रात्रीच्या प्रयोगाचं गाव. ती पोरगी मी.

बाबा ३४ वर्षं झाडीपट्टीच्या नाटकात गायले. सुरुवातीला लुगडं नेसून स्त्री पार्टी, मग नायक, शेवटी बापाच्या आणि साधूच्या भूमिका. आज आमच्याकडे त्यांच्या आवाजाचं काय उरलंय म्हणाल, तर माझ्या भाच्याच्या बारशाला मोबाइलवर घेतलेली चाळीस सेकंदांची क्लिप. त्यातली सहा सेकंदं खोकल्याची. ३४ वर्षं रात्र-रात्र गाणाऱ्या माणसाचं एवढंच उरावं, हे मला सहन होत नाही. म्हणून हा धागा काढते आहे.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांचा धानाचा, जंगलाचा, तलावांचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. इथली रंगभूमी शंभर वर्षांहून जुनी आहे. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, येतात, आणि तिथपासून होळीपर्यंत नाटकं चालतात. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि कोंबडं आरवेपर्यंत नाटक चालतं. कंपन्यांची ऑफिसं बहुतेक देसाईगंजात, म्हणजे आमच्या बोलीत वडस्याला. त्याआधीची दंडार आणि खडी गंमत ही नाच-गाण्याची लोकनाट्यं अजूनही काही गावांत जिवंत आहे. वऱ्हाडात खंजिरीची भजनं आहेत. कोणताही प्रकार चालेल.

माझं मागणं एवढंच आहे की ‘फार छान गायचे’ असं लिहून थांबू नका. ते उभे कसे राहायचे, कोणत्या पट्टीत गायचे, पहाटे नाटक सुटल्यावर काय खायचे, घरी कसे असायचे, ते लिहा. घरच्यांना विचारल्याशिवाय कोणाचं नाव लिहू नका, गाव किंवा तालुका पुरे.

(ब्रह्मपुरी तालुका)


ऑर्गनवादक, वडसा

ताई, मी २७ सीझन ऑर्गन वाजवला. आमची जागा स्टेजसमोरच्या खड्ड्यात. तिथे ऑर्गन, तबला आणि नंतरच्या काळात ऑक्टोपॅड. स्टेजची फळी आमच्या कपाळाला येते. त्यामुळे वाजवणाऱ्याला गाणाऱ्याचं तोंड कमी आणि पाय जास्त दिसतात. मी माणसं पायांवरून ओळखायला शिकलो. कोणाचा अंगठा सम येण्याआधी वर उचलतो, कोण तान घेताना टाचेवर जातो, कोणाचे पाय थरथरतात पण आवाज थरथरत नाही, हे सगळं मला तिथून दिसे.

एका गाणाऱ्याबद्दल लिहितो. त्यांची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, काळी दोन, ऑर्गनची दुसरी काळी. पहिल्या अंकात ते तीनच्या वर सहज जात. पण डिसेंबर-जानेवारीत रात्री अडीचनंतर वैनगंगेवरून गारवा येतो, मंडपावर दव पडतं, आणि त्या दवानं दोन गोष्टी उतरतात: तबल्याचं चामडं आणि माणसाचा गळा. हजारो लोक समोर असताना गाणारा थांबून ‘पट्टी खाली घ्या’ म्हणू शकत नाही. म्हणून खूण ठरलेली होती. पदाआधीच्या संवादात त्यांनी डाव्या टाचेचे घुंगरू दोनदा वाजवले की मी काळी दोन सोडून काळी एक धरायचो. तबलेवाला उतरत्या सुरात लावलेला दुसरा तबला जवळ ठेवूनच बसे. लोकांना वाटे, पात्र रागानं पाय आपटतेय. त्यांचा राग आणि गळ्याची अडचण एकाच टाचेत बसवलेली होती.

दुसरं सांगायचं म्हणजे माइक. आमच्याकडे माइक वरून टांगलेले असतात, तीन किंवा चार. माइकखाली उभं राहिलं तर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जातो, दोन माइकांच्या मधे गेलं की पडतो. आजची पोरं माइकखाली जाऊन उभीच राहतात. ते मात्र चालत गायचे. ओळ अंधाऱ्या जागेत सुरू करायचे, हळू, आणि शेवटची ओढ बरोबर माइकखाली आणायचे. लोकांना वाटे, माणूस दुरून येतोय. वर बघताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. विचारलं तेव्हा म्हणाले, ‘कानाले कळते गा, आपला आवाज परत कुठून येऊन राहिला ते.’

वन्स मोअर आला की ते हात जोडत नसत. डोळे मिटून एक श्वास घेत आणि तेच पद दुसऱ्या चालीनं उघडत. मला आधी सांगत नसत. मी २७ वर्षांत जे काही शिकलो ते त्या एका श्वासात शिकलो, कारण तेवढ्यात ओळखावं लागे की आता कुठून उठणार.


धागा काढणारी

काका, तुमचं वाचून ट्रंक पुन्हा उघडली. बाबांच्या डाव्या घुंगराची पट्टी उजवीपेक्षा नवी आहे. दोनदा शिवलेली दिसते. आतापर्यंत मला वाटायचं उंदरानं कुरतडली असेल. तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिलं ते कोणत्या गावचे?


ऑर्गनवादक, वडसा

ताई, ते साकोलीकडचे, तुमचे बाबा नव्हेत. तुमची आशा वाढवून खोटं बोलणार नाही. पण टाचेची खूण त्यांची एकट्याची नव्हती. त्या काळातल्या तीन-चार गाणाऱ्यांत ती होती, कारण ते एकाच गुरूकडे शिकले होते. तुमच्या बाबांचे गुरू कोण, हे घरात विचारा.


शाहिराचा नातू, मौदा तालुका

आमचे आबाजी खडी गंमतचे शाहीर. आमच्याकडे कलगी आणि तुरा अशा दोन बाजू. कलगीवाले शक्तीची बाजू घेतात, तुरेवाले शिवाची. समोरासमोर पार्ट्या उभ्या राहायच्या आणि सवाल-जवाब सकाळपर्यंत. पुराणातलं कोडं, गणिताचं कोडं, कधी समोरच्याच्या गावावरून टोमणा. आमचे आबाजी तुरेवाले.

संध्याकाळी डफ शेकायचं काम माझं. तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, जाळ करायचा, मोठा नाही, आणि डफ त्यावर फिरवत धरायचा. जाळ जवळ आला तर चामडं फाटतं, दूर राहिला तर डफ ‘भद’ वाजतो. मधेमधे बोटानं टिचकी मारून आबाजी अंगणातल्या बाजेवरून ऐकायचे. ‘अजून.’ ‘अजून.’ मग ‘बस.’ मला त्या ‘अजून’ आणि ‘बस’मधला फरक कळायला दोन हिवाळे लागले.

त्यांची वही माझ्याकडे आहे. लाल कापडात बांधलेली. प्रत्येक पानावर सवाल लिहिलेला आहे आणि जवाबाची जागा कोरी. मी लहानपणी विचारलं होतं, आबाजी, जवाब काहून नाही लिहिला? म्हणाले, ‘वही चोरी जाऊ शकते. जवाब पोटात ठेवा लागते बाबू.’ नागपूर आकाशवाणीवर त्यांचे पोवाडे दोनदा लागले होते. त्या दिवशी पाटलाच्या ओट्यावर रेडिओ ठेवून सगळं गाव ऐकत बसलं, आणि आबाजी मात्र शेतावर निघून गेले. आपला आवाज आपल्याला परक्यासारखा ऐकू येईल याची त्यांना भीती वाटत होती, असं आजी सांगायची.

मी आता जवाब शोधतोय. १४० सवालांपैकी ३१ चे मिळाले, काही रामटेककडच्या एका म्हाताऱ्या शाहिरांकडून, काही पोथ्यांतून. इथे कोणाच्या घरी तुरेवाल्यांची वही असेल तर कृपया सांगा.


एसटीचा निवृत्त वाहक, गडचिरोली

माझ्या गाडीत पहाटेच्या फेरीला नाटकवाले असत. चेहऱ्यावरचा रंग कानामागे राहिलेला असे. सगळे झोपायचे. एक गायक मात्र खिडकीशी बसून अगदी बारीक आवाजात गुणगुणायचे. मी विचारलं, रात्रभर गाऊन थकत नाही का? म्हणाले, ‘रात्री पब्लिकसाठी गायलो. आता चुकलेलं दुरुस्त करतो.’ एवढीच आठवण आहे, पण धागा वाचून लिहावीशी वाटली.


मंडळाचा जुना खजिनदार, लाखनी तालुका

आमच्या गावात पटाच्या दुसऱ्या दिवशी नाटक असायचं. कनात लावायची, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, खड्डा खोदून तीच माती चढवून स्टेज करायचं, जमिनीचं तिकीट वेगळं, खुर्चीचं वेगळं. एक वर्ष पौषात अवकाळी पाऊस आला. अर्धी तिकिटं विकलीच नाहीत. कंपनीचे ठरलेले पैसे पुरे होईनात. पहाटे नाटक सुटलं आणि आम्ही पाच जण रंगपटात मान खाली घालून गेलो.

मुख्य गायक तेव्हा तोंडाचा रंग गोडेतेलानं काढत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मालकाशी बोलले. मग मला म्हणाले, ‘खजिनदार, माझ्या वाट्याचे राहू द्या. धान झालं का औंदा?’ झालं होतं. एक पोतं धान मी स्वतः खासरात, म्हणजे बैलगाडीत, घालून त्यांना स्टेशनवर पोचवून दिलं. गोंदिया-चांदा फोर्ट लाइन तेव्हा छोटी, म्हणजे नॅरोगेज, होती, त्यांनी पोतं डब्यात पायाशी ठेवलं. पुढच्या वर्षी मंडईला ते आले तेव्हा धुऊन, घडी करून ते रिकामं पोतं परत आणलं. म्हणाले, पोतं कुठी आमचं होतं.

२०१४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाच्या निकालानं पट बंद झाले. आमच्याकडे पट गेला आणि त्याच्यासोबत नाटकही गेलं, कारण पाहुणेच येईनात. लेकीजावई पटाला यायचे, रात्री नाटक बघायचे, सोयरिकी जमायच्या. २०२१ च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली, २०२३ मध्ये घटनापीठानंही ती कायम ठेवली. पट पुन्हा सुरू झाला. ते गायक मात्र मधल्या वर्षांत गेले.


शिक्षिका, कुरखेडा तालुका

आमच्या तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मी वर्गात मुलांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. ५००० हून जास्त प्रयोग आणि ८०० वेगवेगळ्या भूमिका, हे आकडे मी फळ्यावर लिहिले. एका मुलानं विचारलं, ‘मॅडम, एवढ्या रात्री जागले?’ मला तो प्रश्न फार आवडला. पुरस्काराच्या बातमीत प्रयोग मोजतात, जागरणं कोणी मोजत नाही.

माझी स्वतःची आठवण प्रेक्षकांतली. आजीसोबत जायचे. ती पोतं आणि घोंगडी घ्यायची, फल्लीदाणे पदराला बांधायची. मी दुसऱ्या अंकात तिच्या मांडीवर झोपायचे. पण बहिणीला सासरी पाठवताना भाऊ गातो असं एक पद होतं, त्याआधी ती मला हलवून उठवायची. ‘उठ व, आता तो रडवणार आहे.’ भोवतालच्या सगळ्या बाया पदर तोंडाला लावून तयार बसलेल्या. त्यातल्या कितीजणींना भाऊ नव्हता, कितीजणींचा भाऊ बोलत नव्हता. गाणारा माणूस ते जाणून होता. तो स्टेजवरच्या बहिणीकडे बघून गात नसे, खाली जमिनीवर बसलेल्या बायांकडे बघून गायचा.


तिवसा तालुका, अमरावती

आमचा भाग झाडीपट्टीतला नाही, तरी लिहिते. माझे आजोबा खंजिरीवर भजनं म्हणत. मोझरीचा गुरुकुंज आश्रम १९३५ चा, आणि आजोबांचा जन्मही त्याच सुमाराचा. तुकडोजी महाराजांना त्यांनी लहानपणापासून ऐकलं. महाराजांची खंजिरी १९४२ च्या चळवळीत केवढी वाजली ते सर्वांना माहीत आहे. चिमूर-आष्टीच्या उठावानंतर इंग्रजांनी त्यांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं होतं. आजोबा म्हणत, एवढी हलकी वस्तू, एका हातात मावणारी, तिची सरकारला भीती वाटली.

आजोबांची खंजिरी कोरडी पडली की ते आतून पाण्याचा हात फिरवत. किती पाणी, हे त्यांचं गुपित. जास्त झालं तर आवाज बसतो. त्यांनी हे मला शिकवलं, माझ्या भावाला नाही. मुलगी म्हणून घरात कुरकुर झाली तेव्हा म्हणाले, ‘हिचा हात ओला होऊन थांबते. त्याचा थांबत नाही.’

१९६८ मध्ये महाराज गेले. दरवर्षी पुण्यतिथीला गुरुकुंजात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो लोक मौन उभे राहतात. आजोबा ८० च्या पुढे गेल्यावर जाऊ शकत नसत. मग घरीच ओट्यावर काठी टेकून उभे राहत आणि घड्याळाकडे माझं लक्ष असे. शेवटच्या वर्षी ते उठू शकले नाहीत. बाजेवर बसल्या बसल्या खंजिरी उताणी करून मांडीवर ठेवली. मी विचारलं, उलटी का? बोलले नाहीत. मौन सुटल्यावर सरळ केली.


साकोली तालुका

माझे मोठे मामा दंडारीत आणि नंतर गमतीत नाच्या होते. लांब केस, मिशी नाही, चालणं बायकी. रात्री लोक शिट्ट्या मारायचे, पैसे उधळायचे, आणि दिवसा तेच लोक बांधीत काम करताना त्यांना हाका मारून छळायचे. मामांनी लग्न केलं, तीन मुलं वाढवली, परे, म्हणजे धानाची रोपं, काढण्यात त्यांच्याइतका वेगवान हात गावात नव्हता. हे कोणी बोलत नाही.

त्यांच्या मयतीला जुने शाहीर आले होते, वयानं पार वाकलेले. त्यांनी सगळ्यांसमोर मामांच्या पायांना हात लावला. म्हणाले, ‘मी गायचो म्हणून तो नाचत नव्हता. तो नाचायचा म्हणून मी गाऊ शकलो.’ त्या दिवशी माझ्या मामेभावानं पहिल्यांदा बापाबद्दल मान वर करून बोललेलं मी पाहिलं.


झाडीपट्टीतली गायिका-नटी, आरमोरी तालुका

मी लिहायला शिकलेली फार नाही. माझी सून टाइप करते आहे. माझं वय ६६.

मी एकोणीस वर्षांची असताना कंपनीत आले. तेव्हा आमच्या भागात स्त्री पार्टी करणारे पुरुष अजून होते, आणि आम्ही बाया नव्या. पुरुषांना वाईट वाटलं असेल, पण मला पहिलं पद एका स्त्री पार्टीनंच शिकवलं. पदर कसा धरला की श्वास दिसत नाही, ते त्यांनी दाखवलं. पदर डाव्या हातानं छातीशी आणायचा आणि त्याच वेळी पोटातून श्वास घ्यायचा. ३८ वर्षं मी तसाच घेतला. ताई, तुमचे बाबा स्त्री पार्टी करत होते हे वाचून मला ते आठवले.

लोक म्हणतात तालीम. आम्हाला तालीम कुठली? आज या कंपनीचं नाटक, उद्या त्या कंपनीचं. पुस्तक हातात मिळायचं दुपारी, मॅटाडोरमध्ये बसून पाठ करायचं, उरलेलं प्रॉम्प्टर सांभाळायचा. पण गाणं प्रॉम्प्टर सांभाळू शकत नाही. ऑर्गनवाल्याला फक्त पट्टी सांगायची आणि देवाचं नाव घेऊन उभं राहायचं. सीझनमध्ये मी महिन्याला वीस-बावीस रात्री गायले आहे.

माझी मुलगी रंगपटात वाढली. दोन ट्रंका जवळ लावून त्यावर गोधडी टाकली की तिची झोपायची जागा. एकदा मी स्टेजवर मेलेल्या लेकराला मांडीवर घेऊन गात होते आणि आतून माझंच लेकरू रडलं. त्या रडण्यावर मी गाणं थांबवलं नाही. एक ओळ पुढे गेले, मग तिच्या रडण्याच्या सुरातच पुढची ओळ उचलली. लोकांना वाटलं नाटकातलंच आहे. आत जाऊन पाहिलं तर मेकअपवाल्यांनी तिला उचलून घेतलं होतं आणि त्यांच्या हातांचा रंग तिच्या गालाला लागलेला. मी ते पद पुन्हा तसं गाऊ शकले नाही.

मग माझा घसा गेला. आवाज फाटू लागला, वरचा सा लागेना. नागपूरच्या डॉक्टरांनी आतून कॅमेऱ्यानं बघितलं आणि म्हणाले, स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत, ओरडून गाणाऱ्यांना, शिक्षकांना येतात तशा. दीड महिना बोलायचं नाही. तो महिना डिसेंबर होता. एका कंपनीनं माझे मागच्या वर्षीचे पैसे बाकी ठेवले होते, ते मागायलाही मला तोंड उघडता येईना. मी पाटीवर आकडा लिहून नेला. मालकानं पाटी वाचली आणि ‘सीझन संपल्यावर बघू’ म्हणाला. ते पैसे मिळाले नाहीत. पण मी दीड महिना खरंच बोलले नाही. गुणगुणलेही नाही, ते सगळ्यात कठीण. पोरगी शाळेतून आली की मी टाळी वाजवून बोलवायची. होळीला एका गावात पुन्हा उभी राहिले. आधी काळी चारमध्ये गायचे, त्या दिवसापासून दोनमध्ये. आवाज खाली आला, पण खालच्या आवाजात मला अशी जागा मिळाली जी आधी माहीत नव्हती. लोक म्हणायचे, आता तुमच्या गाण्यात जीव आला. जीव आधीही होता, आता घाई नव्हती.

कलाकारांचं मानधन मिळावं म्हणून अर्ज केला. ऑफिसातल्या बाबूंनी पुरावे मागितले. कोणत्या वर्षी, कोणत्या नाटकात, छापील नाव दाखवा. मी काय दाखवणार? प्रयोगाचं पत्रक सकाळी लोक चिवडा बांधायला नेतात. तीन वेळा अर्ज परत आला. मग एक दिवस सून घर सारवायला म्हणून फडताळ रिकामं करत होती आणि तिला दिसलं की मी फळ्यांवर कागद म्हणून सगळी पत्रकंच अंथरली होती, वर्षानुवर्षं, एकावर एक. तेलाचे डाग, डब्यांचे गोल, पण नाव वाचता येत होतं. २३ पत्रकं निघाली. आता महिन्याला ५००० येतात. चौथ्या खेपेला त्याच बाबूंनी खुर्ची दिली.

तुम्हा सगळ्यांना माझं सांगणं आहे की घरात म्हातारा कलाकार असेल तर फडताळं, ट्रंकांचे तळ, जुन्या फोटोंच्या मागचे पुठ्ठे बघा. तिथे आमची नावं आहेत.


साऊंड सर्व्हिसवाला, सिंदेवाही तालुका

आमच्या वडिलांपासूनचा धंदा. भोंगे, अँप्लिफायर, टांगायचे माइक. १९९० च्या दशकात मी हौसेनं अँप्लिफायरला टेपरेकॉर्डर जोडून कॅसेटी भरायचो. कोणी सांगितलं नव्हतं. हा धागा वाचून माळ्यावर चढलो. मुरमुऱ्याच्या पत्र्याच्या डब्यात १९ कॅसेटी मिळाल्या. बुरशी लागलेली. सहा वाजतात. चिठ्ठीवर गाव आहे, कलाकारांची नावं नाहीत, कारण तेव्हा वाटलं होतं हे सगळ्यांना माहीतच आहे.

एका कॅसेटीवर ‘ब्रह्मपुरी, मंडईनंतर’ असं आहे. आधी प्रॉम्प्टरचा आवाज, मग कोणाचं तरी लेकरू, मग एक पुरुष गातो, साधारण चार मिनिटं. शेवटी फीत गुरगुटते. ताई, तुम्हाला पाठवली आहे. ऐका.


धागा काढणारी

ऐकली. पहिल्यांदा एकटीनं, मग आईला ऐकवली. आईला आता कमी ऐकू येतं, म्हणून मोबाइल तिच्या उशीवर ठेवला आणि ती कान लावून झोपली. चार मिनिटं काही बोलली नाही. मी तिच्या हाताकडे बघत होते, ती बोटानं ताल धरत होती.

मग म्हणाली, ‘हे तुझे बाबा नाही.’

मी विचारलं, नक्की का? म्हणाली, ‘हा समेवर आवाज आवरते. ते सोडून देत.’ आणि थोड्या वेळानं, ‘पण पुन्हा लाव. चांगला गाते.’

आम्ही तीन वेळा ऐकली. तिसऱ्या वेळी तिनं बाबांच्या गुरूंचं गाव सांगितलं, जे मी आजवर कधी विचारलं नव्हतं. ऑर्गनवाले काका, मी तुम्हाला फोन करते.

कॅसेटीतला आवाज कोणाच्या घरचा आहे, माहीत नाही. काळी एकमध्ये गातात, नाटक पौराणिक वाटतं, दुसऱ्या मिनिटाला डावीकडे दोनदा घुंगरू वाजतात. ज्यांना ओळखीचं वाटेल त्यांनी सिंदेवाहीच्या दादांकडे मागून घ्या. त्यांनी फीत नव्या डबीत घालून ठेवली आहे.